वीस सेंटिमीटरचा ‘लायगो’

‘फाइल कर्व्ह करून आणलीय ना?’

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारपेठेत रेडियम कटिंगच्या दुकानात कोणी पेनड्राइव्ह घेऊन गेले, की हा प्रश्न ठरलेला. दुचाकीवरचे नाव असो, दुकानाच्या काचेवरची पाटी असो, ‘कर्व्ह’ न केलेली फाइल दुकानदार परत पाठवतो. कारण साधे आहे. त्याच्याकडच्या यंत्राला अक्षरे वाचता येत नाहीत आणि चित्रेही दिसत नाहीत. त्याला फक्त रेषा कळते : इथून निघ, तिथे वळ, तिथे थांब.

(नावात ‘रेडियम’ असले तरी त्या चकाकत्या कागदात रेडियम नसते. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या रंगात ते खरोखर असे आणि शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या कामगार तरुणी त्यामुळे गंभीर आजारी पडल्या. आजचे ‘रेडियम’ म्हणजे पाठीला डिंक असलेले पीव्हीसी प्लास्टिक.)

दुकानातल्या त्या यंत्राची धाकटी भावंडे आता घरोघरी आणि शाळांतही दिसू लागली आहेत. क्रिकट, सिल्हूट अशा नावांनी मिळणारी ही घरगुती कटिंग मशिन टेबलावरच्या प्रिंटरएवढी असतात. शाईऐवजी त्यांच्यात एक बारीक पाते असते आणि ते चिकट चटईवर लावलेला कागद कापते. वाढदिवसाची तोरणे, आकाशकंदील, रुखवतातल्या वस्तू यांसाठी ही यंत्रे घेतली जातात. पण हाच उपयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीही करता येतो. २०१८ च्या प्लास्टिक-थर्मोकोल बंदीनंतर प्रतिकृती कशाची करायची, हा प्रश्न शिक्षकांपुढे आहेच. कार्डशीट हे त्याचे सरळ उत्तर आहे.

आणि हिंगोली जिल्ह्यातल्या शाळेला प्रतिकृतीसाठी विषय शोधायला लांब जावे लागत नाही.

गावाजवळचा प्रयोग

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेली लहर प्रथमच टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जगाला कळली आणि त्याच महिन्यात, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था या प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

वेधशाळेचा आराखडा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. कोपऱ्यात लेझरचा किरण दुभंगतो, दोन्ही भुजांत जातो, टोकाच्या आरशांवरून परततो आणि दोन्ही किरण पुन्हा एकत्र येतात. गुरुत्वीय लहर जाताना एक भुजा किंचित लांबते, तेव्हाच दुसरी किंचित आखडते. मग पुन्हा उलट. हा फरक परतलेल्या प्रकाशात दिसतो. २०१५ च्या लहरीने भुजेच्या लांबीत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी सूक्ष्म होता.

आता हे कागदावर आणू. घरगुती यंत्राच्या नेहमीच्या चटईवर साधारण ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा कागद बसतो. त्यामुळे १ : २०,००० हे प्रमाण सोयीचे ठरते. चार किलोमीटरची भुजा बरोबर २० सेंटिमीटर होते. पण त्याच प्रमाणात पुढचा हिशेब केला, की मुले थबकतात. लायगोच्या भुजेतली निर्वात नळी सुमारे १.२ मीटर व्यासाची असते. प्रतिकृतीत ती ०.०६ मिलिमीटर होईल, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहूनही बारीक. शेजारी उभा असलेला साडेपाच फुटी माणूस ०.०८ मिलिमीटरचा. म्हणजे लांबी खऱ्या प्रमाणात ठेवता येते, पण रुंदी वाढवूनच दाखवावी लागते आणि तसे पाटीवर लिहावे लागते. नमुना तयार करताना घ्यायचा हा पहिला निर्णय. तो यंत्र घेत नाही.

आधी कात्री, मग माउस

नवशिक्या माणसाची पहिली चूक म्हणजे थेट संगणकासमोर बसणे. त्याआधी रद्दी कागद, पट्टी, पेन्सिल आणि कात्री लागते.

पाचवीच्या गणितात मुलांना ‘घडण’ शिकवली जाते : खोके उलगडून सपाट केले की जी आकृती मिळते ती. साध्या घनाच्या वेगवेगळ्या ११ घडणी होतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात अनेक घनाकृतींच्या अशा घडणी काढून दाखवल्या होत्या. त्यातून निघालेला एक प्रश्न आजही सुटलेला नाही : सपाट पृष्ठांची, कुठेही खळगा नसलेली प्रत्येक घनाकृती कडांवर कापून, भाग एकमेकांवर न चढता, एकाच सलग तुकड्यात उलगडता येतेच का? पाचवीतल्या धड्याचे हे टोक गणितज्ञांच्या हातीही अजून लागलेले नाही.

आपल्या भुजेची घडण मात्र सोपी आहे. १२ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच चौकोनी नळी हवी असेल, तर चार बाजूंसाठी १२, ८, १२ आणि ८, शिवाय चिकटवण्याच्या कडेसाठी ७. एकूण ४७ मिलिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब पट्टी. तिच्यावर चार दुमडीच्या रेषा. चिकटवण्याच्या कडेची दोन्ही टोके तिरकी छाटायची, नाहीतर ती नळीच्या तोंडातून बाहेर डोकावतात. ही पट्टी एकदा हाताने कापून, दुमडून, चिकटवून पाहिली की काय चुकते ते दहा मिनिटांत कळते. संगणकावर तीच चूक चाळीस प्रतींत छापली जाते.

चित्र नव्हे, रेषा

मोबाइलवर आलेले नमुन्याचे छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. मोठे केले की ठिपके दिसतात. कापणाऱ्या यंत्राला मात्र ठिपके नकोत, मार्ग हवा. असा मार्ग साठवणाऱ्या फाइलला ‘व्हेक्टर’ म्हणतात. ‘एसव्हीजी’ हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार. कोरलड्रॉ छपाईच्या धंद्यात घरोघरी आहे. इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि शाळेला ते पुरते.

ठिपक्यांच्या चित्रावरून संगणकाला आपोआप रेषा काढायला सांगता येते, पण तिथे एक फसगत असते. पेनने काढलेल्या एका रेषेला संगणक दोन कडा असलेला काळा पट्टा समजतो आणि दोन्ही कडांवर मार्ग आखतो. पाते आधी एका कडेने जाते, मग अर्ध्या मिलिमीटरवरून परतते आणि कागदाची वाती निघते. म्हणून नमुना नव्याने, एकेरी रेषेत आखणे बरे.

दुसरी गोष्ट बिंदूंची. रेषा कुठे वळते हे सांगणारे बिंदू जितके जास्त, तितके पाते अडखळते. या यंत्रातले पाते सुतळी ओढावी तसे मागून ओढले जाते. त्याचे टोक आसाच्या किंचित मागे, साधारण पाव मिलिमीटरवर असते आणि दिशा बदलली की ते स्वतःभोवती फिरते. एका वर्तुळासाठी चार बिंदू पुरतात. तिथे चारशे असले, तर कडेला कागदाचे केस उभे राहतात.

तिसरी गोष्ट रंगांची. कापायच्या रेषा एका रंगात, दुमडायच्या दुसऱ्या आणि लिहायच्या तिसऱ्या रंगात ठेवाव्यात. छपाईवाले ज्याला क्रीजिंग म्हणतात, ती दुमडीची खाच काही यंत्रे बोथट टोकाने पाडतात. ती सोय नसेल, तर तीन मिलिमीटर काप आणि दोन मिलिमीटर जागा अशी तुटक रेषा चालते. कापण्याचा क्रमही ठरवावा लागतो : आधी दुमड, मग आतली भोके, शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली, तर सुटलेला तुकडा चटईवर हलतो आणि आतली भोके भलतीकडे पडतात.

मराठी अक्षरांची खोड

प्रतिकृतीवर ‘लायगो-इंडिया, औंढा नागनाथ’ असे नाव कापून लावायचे ठरले, तर इंग्रजीपेक्षा वेगळी अडचण येते. मराठी शब्दातली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली दिसतात, पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तशीच फाइल दिली, तर पाते प्रत्येक जोडावर उभी चीर मारते आणि शब्दाचे तुकडे होतात. अक्षरांचे आधी ‘कर्व्ह’ करायचे, म्हणजे त्यांचे रेषांत रूपांतर करायचे. मग सगळे आकार एकत्र जोडायचे. या क्रियेला ‘वेल्ड’ म्हणतात. दुकानदार ‘कर्व्ह’चा आग्रह धरतो त्याचे आणखी एक कारण आहे : आपल्या संगणकावरचा फाँट त्याच्याकडे नसेल, तर ‘औंढा’चे काय होईल ते सांगता येत नाही.

अक्षरे कापून चिकटवण्याऐवजी अक्षरांच्या जागी भोके ठेवायची असतील, तर ‘वसमत’मधल्या ‘व’चे पोट गळून पडते. ते टिकवायला दीड-दोन मिलिमीटरचा कागदी पूल ठेवावा लागतो. अनुस्वार तरंगता असतो, म्हणून कापून लावायच्या नावात त्याला शिरोरेषेशी जोडणारी बारीक दांडी द्यावी लागते.

कागदालाही दिशा असते

आता नमुना तयार झाला असे वाटते. पण ज्यावर तो कापायचा, त्या कागदाचा स्वभाव अजून पाहिलेला नाही.

हातातल्या वर्तमानपत्राच्या पूर्ण आकाराच्या पानाची एक पट्टी वरून खाली फाडा. ती बऱ्यापैकी सरळ फाटते. आता आडवी फाडा. चीर वाकडीतिकडी धावते. कागद बनताना ओला लगदा वेगाने पुढे सरकतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या दिशेने लोळतात. छपाईवाले या दिशेला ‘ग्रेन’ म्हणतात. कार्डशीट ग्रेनच्या दिशेने दुमडली तर स्वच्छ दुमडते. आडवी दुमडली तर जाड कागदाची पाठ तडकते.

तंतू ओलावा शोषतात तेव्हा ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे दमट हवेत कागद ग्रेनच्या दिशेने कमी आणि आडव्या दिशेने काही पटींनी जास्त वाढतो. मराठवाड्यात मे महिन्यातली कोरडी हवा आणि भाद्रपदातली दमट हवा यांत एकच कार्डशीट वेगळी वागते. ग्रेन ओळखायची आणखी एक खूण यातूनच मिळते : कागदाचा लहान चौकोन एका बाजूने ओला केला, की तो गुंडाळी होऊ लागतो. त्या गुंडाळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा.

लायगोची प्रतिकृती करणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. दोन्ही भुजा एकाच ‘एल’ तुकड्यात कापल्या, तर एक भुजा ग्रेनच्या दिशेने जाते, दुसरी आडवी. पावसाळी हवेत आडवी भुजा पाव-अर्धा मिलिमीटर जास्त लांबते. म्हणजे एक भुजा लांब आणि दुसरी त्या मानाने आखूड. गुरुत्वीय लहर जे करते, त्याची ही हुबेहूब नक्कल आहे. फक्त ती आकाशातून नव्हे, हवेतल्या ओलाव्यातून आली.

खऱ्या लायगोत शास्त्रज्ञांचा बराचसा वेळ याच कामात जातो : भुजेत दिसलेला फरक विश्वातून आलेल्या लहरीचा की शेजारच्या हालचालीचा, उष्णतेचा, उपकरणाच्या स्वतःच्या थरथरीचा? म्हणून किरण निर्वात नळीतून जातो, आरसे टांगलेले असतात आणि एका वेधशाळेने टिपलेली खूण हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या वेधशाळेतही दिसते का, हे पाहिले जाते.

कागदावरचा उपाय सोपा आहे. दोन्ही भुजा वेगळ्या कापायच्या, त्याही एकाच कागदातून, एकाच दिशेने, ग्रेन भुजेच्या लांबीत ठेवून. म्हणजे दुमड स्वच्छ होते, भुजा ताठ राहते आणि दोन्ही वाढल्याच, तर सारख्याच वाढतात.

हलणारी लहर

प्रतिकृती नुसती उभी ठेवण्यापेक्षा हलती केली, तर मुलांना तत्त्व कळते. ‘एल’चा कोपरा डावीकडे खाली, एक भुजा उजवीकडे, दुसरी वर, अशी मांडणी धरा. कोपऱ्याच्या मधोमध फिरती चकती बसवायची. अडकवण्याची भोके मध्यापासून दोन सेंटिमीटरवर : आडव्या भुजेच्या पट्टीसाठी खालच्या कडेला, उभ्या भुजेच्या पट्टीसाठी डाव्या कडेला. जोडायला टिचबटणे चालतात. आडवी नळी मध्यापासून तेवढीच खाली आणि उभी नळी तेवढीच डावीकडे चिकटवायची, म्हणजे पट्ट्या नळ्यांतून सरळ जातात. पट्ट्यांच्या टोकांना चकाकत्या कागदाचे आरसे लावायचे. चकती घड्याळाच्या उलट दिशेने दहा अंश फिरवली, की आडवा आरसा सुमारे साडेतीन मिलिमीटर बाहेर सरकतो आणि उभा तेवढाच आत येतो. उलट फिरवली की उलट.

इथे लागते ती मोकळीक. नळी १२ मिलिमीटरची म्हणून पट्टीही १२ ची ठेवली, तर ती अडकते, कारण कार्डाची जाडी आतली जागा खाते आणि चकती फिरताना पट्टी किंचित तिरकीही होते. १० मिलिमीटरची पट्टी सुखाने सरकते. कागदाची जाडी सुट्या कागदावरून नीट मोजता येत नाही. दहा तुकडे एकावर एक ठेवून मोजायचे आणि दहाने भागायचे.

हात, डोळे आणि पाते

चाळीस मुलांच्या वर्गासाठी चाळीस संच एकाच शिक्षकाने कात्रीने कापायचे, तर अंगठ्याच्या बुडाशी आणि मनगटाच्या त्या बाजूला दुखू लागते. अंगठा आणि मनगट यांच्या सततच्या एकाच हालचालीने तिथल्या स्नायुरज्जूंच्या आवरणाला त्रास होतो. यंत्र खरे उपयोगी पडते ते इथे. मात्र त्यामुळे मुलांच्या हातची कात्री काढून घेऊ नये. एका हाताने कागद फिरवणे आणि दुसऱ्याने कापणे यातून दोन्ही हात आणि डोळे यांचा मेळ बसतो. पहिला नमुना मुलांनी कापावा, उरलेले यंत्राने.

पडद्यावर बारीक रेषा आखताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी नजर लांबवर न्यावी. पाते बदलणे आणि चटईवरून तुकडे सोडवणे हे काम मोठ्यांचे. पात्याने कापलेच, तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि जखम खोल असेल तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. शाळेत पात्याऐवजी लेझरने कापणारे यंत्र असेल, तर त्यावर रेडियम शीट कधीही लावू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. तो श्वासनलिकेला आणि यंत्राला, दोघांनाही घातक असतो.

यंत्र स्वस्त नाही आणि प्रत्येक शाळेने ते घेण्याची गरजही नाही. तयार फाइल घेऊन रेडियमच्या दुकानात जाता येते. आधी एवढेच विचारायचे, की त्यांच्याकडे कार्डशीटसाठी चिकट चटई आणि जाड कागदाचे पाते आहे का. रेडियमला पाठीच्या कागदाचा आधार असतो, सुट्या कार्डाला नसतो. पूर्ण नमुना कापण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन कापून पाहायचा. तो अलगद सुटला आणि चटईवर खोल ओरखडा उमटला नाही, की पात्याचा दाब बरोबर.

औंढ्याच्या रस्त्याने जाताना मुलांना दिसते ते दुरून आणि बाहेरून. आत काय मोजले जाणार आहे, हे नजरेला दिसण्यासारखे नाहीच. वर्गातल्या बाकावर मात्र वीस सेंटिमीटरच्या दोन भुजा ठेवता येतात आणि चकती फिरवून विचारता येते : हा आरसा सरकला तो लहरीमुळे की कागदाच्या ओलाव्यामुळे, आणि ते ओळखायचे कसे? हा प्रश्न ज्या मुलीला पडेल, तिला पट्टी, पेन्सिल आणि रद्दी कागद देऊन पुढचा नमुना तिलाच आखायला सांगावा.